आमचा ‘नाही’ परत द्या!

दिवाळीच्या दिवसांत, समोर चकलीचे ताट असताना, कोणी भांडण उकरून काढू नये हे मला कळते. पण माझे भांडण पुस्तकांविषयीचे आहे, आणि घरातली सारी माणसे एकाच अंकासाठी ओढाताण करतात ती याच चार दिवसांत. तेव्हा वाचकहो, फराळ चालू द्या आणि माझे गाऱ्हाणे ऐका.

मी एका तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवतो. दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक झालो, चित्रकलेचे प्रशिक्षण घेतले आणि शाळेत लागलो. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. गेल्या वर्षी माझी एक कादंबरी एका प्रकाशनसंस्थेने स्वीकारली. पूर्वी अशा वेळी प्रकाशकाचे पत्र येई. या वेळी आली एक प्रश्नावली. संगणकावर उघडायची आणि तिथेच भरायची. नाव काय, शिक्षण काय, पुस्तक कशाविषयी, ते कोण वाचील, त्यासारखी दुसरी पुस्तके कोणती, कोणत्या शब्दांनी शोधले असता ते सापडावे, एक ना दोन! मी एक अख्खा रविवार घालवून इमानाने उत्तरे लिहिली. परिचयाच्या चौकटीतले माझे शेवटचे वाक्य असे होते : “मुलांना छडीच्या धाकाने शिकवावे, यावर माझा विश्वास नाही.”

पुस्तक निघाले. छापील प्रतीत सारे ठाकठीक होते. पण मोबाईलवर पुस्तके विकणाऱ्या दुकानांत माझा परिचय झळकला तो असा : “मुलांना छडीच्या धाकाने शिकवावे, यावर माझा विश्वास”. पुढे काही नाही. पूर्णविरामसुद्धा नाही.

आमच्याच शाळेतल्या एका मुलाच्या आईने तो वाचला आणि ती थेट मुख्याध्यापकबाईंकडे गेली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मारण्यास मनाई आहे आणि मारणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. बाईंनी मला बोलावले. मोबाईल पुढे केला. “सर, हे काय लिहिलंत?” मी तोंड उघडणार तोच त्यांनी खाली बोट ठेवले. “आणि पदवी कधी घेतलीत?” परिचयाखाली चक्क ‘पदवीधर’ असे छापले होते.

मी प्रकाशनसंस्थेला फोन केला. तिकडून मोठ्या अदबीने उत्तर आले, “सर, चौकटीत बसेल तेवढंच यंत्र घेतं. आणि पदवीधर तर तुम्हीच निवडलंत.”

हे दुसरे खरे होते. शिक्षणाच्या यादीत पदवीपासून वरचेच पर्याय होते. ‘इतर’ नव्हते, रकाना रिकामा ठेवला तर पुढचे पान उघडत नव्हते. मी कंटाळून पहिल्या ओळीवर बोट दाबले. तेवढी चूक माझी, आणि ती मी कबूल करतो. पण ज्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याची सोयच नाही, तो विचारणाऱ्याने उत्तराची जबाबदारी माझ्या गळ्यात का घालावी?

आता कापलेल्या वाक्याकडे वळू. चौकटीखाली ‘मर्यादा ५००’ असे लिहिले होते. मी जेमतेम शंभर अक्षरांत आटोपले होते. मग कात्री लागली कशी? माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या कामात आहे. त्याने मला समजावून दिले. आपण फळ्यावर ‘श्री’ काढतो आणि मुलांना सांगतो, हे एक अक्षर. संगणकाच्या हिशेबी ती चार चिन्हे : श, हलन्ताची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. प्रत्येक देवनागरी चिन्हाला साठवणीत तीन घरे लागतात. म्हणजे एका ‘श्री’ला बारा घरे! रोमन लिपीतल्या अक्षराला एकच घर पुरते. आमच्या प्रश्नावलीची मर्यादा अक्षरांची नव्हती, घरांची होती. ज्याने ती आखली त्याच्या डोळ्यांपुढे इंग्रजी होती, मराठी नव्हती.

आणि मराठीचा स्वभाव पाहा. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘मी चोरी केली नाही’ यातला शेवटचा शब्द उडवला, की साव चोर होतो. शेपूट कापली तर इंग्रजी वाक्य बहुधा लंगडते. मराठी वाक्य उलटे होऊन धावत सुटते.

कोणी म्हणेल, मास्तर नव्या यंत्रावर चिडला. मुळीच नाही. पूर्वी लेखकाची पत्रे टेबलाच्या खणात हरवत, आणि एकच माहिती पाच ठिकाणी पाच तऱ्हेने उतरवली जाई. आता ती एकदा भरली की सूचीत, दुकानांत, ग्रंथालयांत आपोआप पोचते. ग्रंथव्यवहारात २००० सालापासून ‘ओनिक्स’ नावाचा एक ठरीव नमुना रूढ आहे. त्यात पुस्तकाची भाषा नोंदवता येते, लेखकाचा परिचय एकाहून अधिक भाषांत देता येतो. नमुन्यात मराठीला जागा आहे. जागा नाही ती आमच्या लोकांनी विकत घेतलेल्या किंवा घाईने बांधून घेतलेल्या चौकटींत. आणि माहिती जितकी आपोआप पसरते, तितकीच चूकही पसरते. माझा परिचय प्रकाशकाच्या नोंदीत दुरुस्त झाला. एका दुकानात तो अजून छडी उगारून उभा आहे.

आम्हा मास्तरांना या पापाची चांगली ओळख आहे. ज्या मुलाची जन्मतारीख आईबापांना ठाऊक नसे, त्याच्या नावापुढे पूर्वीचे मास्तर १ जून लिहून मोकळे होत. रकाना भरला, काम झाले! महाराष्ट्रात असंख्य माणसे ती तारीख जन्मभर वागवीत आली. रजिस्टरात पडलेले खोटे माणसापेक्षा चिवट असते.

म्हणून प्रकाशकांकडे माझी मागणी अगदी साधी आहे. मर्यादा घालायची तर वाचक मोजतो त्या अक्षरांत घाला, आणि मजकूर जास्त झाला तर सांगा. गुपचूप कापू नका. प्रत्येक यादीत ‘इतर’ ठेवा. लेखकाचे मूळ उत्तर जसेच्या तसे जपा. त्यात कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहू द्या. आणि सर्वांत मुख्य म्हणजे दुकानात जाणारा मजकूर आधी लेखकाला दाखवा. पुस्तकाचे प्रूफ तुम्ही आम्हाला दाखवता, एकेका वेलांटीसाठी आमची सही घेता. मग ज्या चार ओळी पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त माणसे वाचतात, त्यांचे प्रूफ कोणी पाहायचे?

लेखक बंधुभगिनींनो, तुम्हीही नुसते ‘पुढे’ दाबू नका. आपल्याच पुस्तकाचे पान एकदा दुकानात जाऊन वाचा. मी माझी पुढची कादंबरी देईन ती या अटीवर.

तोवर त्या पहिल्या प्रकाशकाला एवढेच सांगणे आहे : मानधन सावकाश पाठवा, आधी माझा ‘नाही’ परत करा.