पक्षिनिरीक्षणाचा श्रीगणेशा

‘चातक’ शब्दाचा अर्थ आम्ही वर्गात ३० वर्षे सांगितला. चातक मात्र पाहिला नव्हता. गतवर्षी आषाढात, वारणानगरजवळ उसाच्या बांधावर, नातीने बोट दाखविले तेव्हा तो तुरेवाला काळापांढरा पक्षी आम्हांस प्रथम दिसला. पावसाबरोबर येणारा हा पक्षी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, हे कोणत्याच टीकाकाराने आम्हांस सांगितले नव्हते!

ज्या वाचकांस हा छंद लावून घ्यावयाचा असेल, त्यांनी दुर्बीण घेताना मोठ्या आकड्यास भुलू नये. आम्ही भुललो. वीसपट दाखविणारी दुर्बीण आणली आणि हात थरथरून पक्ष्याऐवजी आभाळच नाचताना पाहिले. ८×४० पुरे, आठपट मोठे दिसते, व ४० मिलिमीटर व्यासाच्या भिंगामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही रंग ओळखता येतात. पुस्तकांत डॉ. सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ (१९४१) घ्यावे. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’. वहीत तारीख, वेळ व स्थळ टिपावे. नाव न कळल्यास चोच आणि शेपूट रेखाटावी.

आमची वीसपट दुर्बीण सध्या माळ्यावर आहे. आठपट नातीपाशी असते. आम्हांस ती मागून घ्यावी लागते.