तळं राखलं कोणी, पाणी चाखणार कोण?



नेरुळचं डीपीएस तळं 'संवर्धन राखीव' करायला 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली. तळं 30 एकराचं. ठाण्याच्या खाडीला भरती आली की चिखल बुडतो, मग रोहित पक्षी तिथून उठून या तळ्यात टेकतात. 2024 ला तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट बुजली, तळं सुकलं, पक्षी मेले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून 39 रोहित पडले. पेपरात फोटो आले, शहर हळहळलं. तळं वाचलं तर चांगलंच. पाखराची कदर आदिवासीला कोणी शिकवायला नको.

पण 'राखीव' म्हटलं की आपल्या म्हाताऱ्यांच्या पोटात गोळा येतो, तो उगाच नाही. बोरिवलीचं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं आणि जंगलातलेच वारली, कोकणा अतिक्रमणवाले ठरले. 1997 ला हायकोर्टाचा आदेश आला, झोपड्या तुटायला लागल्या, तेव्हा पाड्यांवरही तीच टांगती तलवार. आरेत 2019 च्या ऑक्टोबरात कारशेडसाठी रात्रीतून झाडं पाडली. पाड्यातल्या बाया आडव्या गेल्या तर पोलिसांनी गाडीत घातलं. पुढच्याच वर्षी सरकार म्हणतं, 800 एकर राखीव वन करणार! म्हणजे राखायचं आम्ही, पाटी लागणार खात्याची.

नेरुळकडंही बघा. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या लढ्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या गावांतला माणूस आज तळ्याच्या काठावर उभा राहिला तर त्याला विचारणार, तू कोण?

खरं तर कायदाच सांगतो, याला विचारा. वन्यजीव कायद्याच्या कलम 36अ प्रमाणे संवर्धन राखीव करण्याआधी स्थानिक लोकांशी सल्लामसलत करावी लागते. ती कुठल्या गावात झाली, कोण हजर होतं, हे खात्याने जाहीर करावं. मच्छी मारणारा कोळी समितीवर पाहिजे. नुसते दुर्बीणवाले नकोत. (दुर्बीणवाल्यांशी आपलं भांडण नाही, आरेत ते आपल्या बाजूला उभे राहिले. पण घरी जायला त्यांना घर आहे.)

हाच हिशोब आपल्या पाड्यांना लावा. वनहक्क कायद्याचं कलम 4(5) पाठ करून ठेवा: दाव्याचा निकाल लागेपर्यंत आदिवासीला जागेवरून हलवता येत नाही. साहेब तोंडी काही सांगतील, त्यांना म्हणायचं, लिहून द्या.

आणि दावा रिकाम्या हाताने करू नका. जुनी विहीर, मसणवटा, वाघोबाचं ठिकाण, म्हाताऱ्यांचं सांगणं, हे सगळं नियम 13 ने पुरावा धरलंय. पावसाच्या आत प्रत्येक पाड्याने हे वहीत लिहून काढायचं, म्हाताऱ्यांचे अंगठे घ्यायचे. ज्यांनी दावा भरला पण पोच घेतली नाही, त्यांनी आधी ती पोच मागायला जायचं. एकट्याने नाही, पाचदहा जणांनी.