चुकलेल्या उत्तरालाही गुण हवेत

1 किलो पाण्यात 6 ग्रॅम युरिया विरघळवला, तर गोठणबिंदू जेमतेम 0.186 अंश सेल्सिअसने उतरतो. तापमापी वाचताना 0.01 अंशाची चूक झाली, की या घटीवरून काढलेलं युरियाचं मोलर वस्तुमान 60 ऐवजी 57 किंवा 63 येतं.

वहीत पुस्तकी 60 जुळवून आणणाऱ्यापेक्षा ‘57 का आलं’ हे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला जास्त गुण मिळायला हवेत. कारण चुकांनाही दिशा असते. नळीच्या काठाला चिकटलेली भुकटी विरघळतच नाही; घट कमी दिसते, उत्तर फुगतं. अतिशीत द्रावणात एकदम बर्फ धरला, तर उरलेलं द्रावण दाट होतं आणि उत्तर घसरतं.

बेंझीनमधलं बेंझोइक आम्ल मात्र 122 ऐवजी जवळपास दुप्पट आकडा दाखवतं. तिथे हात चुकलेला नसतो; रेणूच जोडीजोडीने वावरत असतात.