शिकवणारे हात



न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात मुलांकडे सहा-सहा महिने राहून आलेले ज्येष्ठ माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांच्या तक्रारी पुष्कळदा एकसारख्या असतात. झोप उडाली, भूक मंदावली, कोणाशी बोलावेसे वाटत नाही. अशा वेळी थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२, रक्तशर्करा यांच्या तपासण्या आणि नैराश्याची चौकशी आधी करावी लागते. परंतु अहवाल समाधानकारक येऊनही उदासी तशीच राहते. घरात सुखसोयींची वाण नसते. उणीव असते ती एकाच गोष्टीची : सकाळी मुले-नातवंडे बाहेर पडली की सायंकाळपर्यंत आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही.

अशा कुटुंबांना मी एक स्थळ आवर्जून सुचवते. ते म्हणजे समोअन समाजाचे कलाकेंद्र. समोआ हा दक्षिण पॅसिफिक महासागरातील, सुमारे दोन लाख वस्तीचा बेटांचा देश. १ जानेवारी १९६२ रोजी तो न्यूझीलंडच्या कारभारातून स्वतंत्र झाला. मात्र कामधंद्यासाठी समोअन कुटुंबे न्यूझीलंडमध्ये येतच राहिली. २०१८च्या जनगणनेत तेथे १ लाख ८२ हजारांहून अधिक समोअन वंशाचे लोक नोंदले गेले. परक्या भूमीत वाढणाऱ्या नातवंडांना आपली भाषा आणि कला कोण शिकविणार, हा आपल्या मराठी घरांतला प्रश्न त्यांनाही पडला. त्यांनी तो आपल्या ज्येष्ठांकडे सोपविला. दक्षिण ऑकलंडमधील अशा एका केंद्रात मी दुपार घालवली, ती याच कारणाने माझ्या स्मरणात राहिली आहे.

आपण आत जाताना पादत्राणे बाहेर काढाल. ‘तालोफा’ म्हणून आपले स्वागत होईल. जमिनीवर चटया अंथरलेल्या दिसतील. बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून जाताना तरुण मुले कमरेत वाकून ‘तुलोउ’ असे म्हणतात. ‘क्षमा असावी, पुढून जातो आहे’ असा त्याचा भाव. आपल्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

मग आपले लक्ष हातांकडे जाईल. एखाद्या कोपऱ्यात सिआपो हे सालीचे वस्त्र तयार होत असते. तुतीच्या कुळातील एका झाडाची आतली साल शिंपल्यांनी खरवडायची, लाकडी दांडक्याने ठोकून पातळ व रुंद करायची, खळीने तुकडे जोडायचे आणि तपकिरी व काळ्या नैसर्गिक रंगांनी त्यावर नक्षी उमटवायची. दुसरीकडे विणकाम चालते. केवड्याच्या कुळातील झाडाची पाने सुकवून त्यांच्या अतिशय बारीक पट्ट्या काढतात आणि त्यांची तलम चटई विणतात. हिला ‘इए समोआ’ म्हणतात. एक चटई पुरी व्हायला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात. ती जमिनीवर अंथरण्यासाठी नसतेच. विवाह, अंत्यविधी, कुलप्रमुखाचा पदग्रहण सोहळा अशा प्रसंगी ती सन्मानाने दिली-घेतली जाते. २०१९मध्ये युनेस्कोने या कलेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

वैद्यकीय दृष्टीने मला महत्त्वाचे वाटले ते शिकविणाऱ्या आजींचे स्थान. कोणाच्या पायांवर सूज होती, कोणाच्या शेजारी काठी ठेवलेली होती. तरीही तेथे त्या रुग्ण नव्हत्या. वेळ जावा म्हणून त्यांच्या हाती काम दिलेले नव्हते. पट्टी चुकली की नात त्यांच्याकडेच येत होती आणि त्या आल्या नाहीत तर वर्ग भरणार नव्हता. कलेच्या आरोग्यावरील परिणामांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळणे आणि आजारासह नीट जगणे, या दोहोंत कलेचा हातभार लागू शकतो, असे त्यातून दिसते. औषधाची जागा ती घेत नाही, औषधाच्या जोडीला उभी राहते.

समोअन समाजाने हा विचार आरोग्यशास्त्रातही आणला आहे. फुइमाओनो कार्ल पुलोटू-एंडेमन यांनी ‘फोनोफाले’ नावाची आरोग्याची मांडणी केली, तिचा आकार समोअन घराचा आहे. पाया म्हणजे कुटुंब, छप्पर म्हणजे संस्कृती. मधल्या खांबांपैकी एक शरीराचा, एक मनाचा, एक अध्यात्माचा आणि एक वय, आर्थिक स्थिती अशा इतर बाबींचा. आम्ही डॉक्टर बहुतेक वेळ एकाच खांबाची डागडुजी करीत असतो. छप्पर गळत असेल तर ते रक्तदाबाच्या यंत्रावर दिसत नाही.

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भोजन व औषधे आटोपून जावे. पहिल्या वेळी तासा-दीड तासाची भेट पुरे. गुडघ्याचे दुखणे किंवा सांधेबदल झालेला असल्यास संकोच न करता खुर्ची मागावी, आणि बराच वेळ बसल्यावर सावकाश उठावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असल्यास न घसरणारे मोजे घालावेत व घरी परतल्यावर तळवे पाहावेत. नृत्याच्या साथीला लाकडी पडघमांचा आवाज मोठा असतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी थोडे दूर बसावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला गर्दीचा समारंभ टाळून शांत वर्गाच्या वेळी न्यावे.

विशेष प्रसंगी ‘अवा’ हे एका मुळीपासून केलेले पेय मानाने दिले जाते. त्याने सुस्ती येते. यकृताचा विकार असणाऱ्यांनी, तसेच झोपेच्या किंवा पार्किन्सनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते पिऊ नये. प्रकृतीचे कारण आधीच नम्रपणे सांगितले की पुरते. अळूची पाने नारळाच्या घट्ट दुधात शिजवलेला ‘पालुसामी’ मात्र आपल्या जिभेला ओळखीचा वाटेल. मधुमेहींनी त्याच्यासोबतच्या अळूच्या कंदांचे प्रमाण बेताचे ठेवावे, हृदयरुग्णांनी नारळाच्या दुधाचे.

ज्यांना ऑकलंडला जायचे नाही, त्यांच्यासाठीही या भेटीत सांगण्यासारखे आहे. काळजीवाहकहो, आपण आईची गोळी चुकू देत नाही, हे मोठेच काम आहे. परंतु तिच्याकडून शेवटचे काही शिकलात ते कधी? गोधडीचा टाका, कुरडयांचा चीक, वडिलांची हिशेबाची रीत, एखादी ओवी – घरातल्या कोणीतरी शिष्य होऊन त्यांच्यापुढे बसावे. केवळ कौतुकासाठी नव्हे, खरोखर शिकण्यासाठी. कारण नाटक ज्येष्ठांना चटकन कळते. हात थरथरत असतील तर त्यांनी सांगावे आणि आपण करावे. तेवढा वेळ आपल्यालाही सेवेच्या धावपळीतून विसावा मिळेल.

पुढील पंधरवड्यात रोज अर्धा तास हे करून पाहा. औषधांच्या वेळापत्रकात त्याचीही एक ओळ लिहा.