विश्लेषण : आमदार पक्षासोबत किती वेळा मतदान करतो? हिशेब का लागत नाही?

अमेरिकेत एखाद्या लोकप्रतिनिधीने किती टक्के वेळा पक्षाच्या बाजूने मत दिले, हा आकडा सहज सापडतो. सिल्लोड, पैठण किंवा वैजापूरच्या मतदाराने आपल्या आमदाराबाबत हाच प्रश्न विचारला, तर मात्र उत्तर मिळत नाही. असे का?

नोंद का होत नाही?

विधानसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’ म्हणणारे जास्त की ‘नाही’ म्हणणारे, हे अध्यक्ष आवाजावरून ठरवतात. कोणी काय म्हटले, याची नावानिशी नोंद राहत नाही. ती राहते फक्त मतविभागणी झाली तर. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावही आवाजी मतदानानेच मंजूर झाला होता. विरोधकांनी त्यावर मोठा गोंधळ घातला होता.

पक्षाविरोधात मत दिले तर?

१९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षादेश (व्हिप) मोडून मतदान केले किंवा गैरहजर राहिले आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही, तर आमदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटवरून बंड करणाऱ्या सत्ताधारी हुजूर पक्षाच्या २१ खासदारांची संसदीय पक्षातून हकालपट्टी झाली, पण त्यांची खासदारकी कायम राहिली. आपल्याकडे थेट पदच पणाला लागते. त्यामुळे नोंद झाली तरी टक्केवारी शंभराच्या आसपासच राहणार.

जिल्ह्यात २०२२ मध्ये काय घडले?

तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील नऊपैकी सहा जागा शिवसेनेकडे होत्या. अब्दुल सत्तार, संदीपान भुमरे, संजय शिरसाट, प्रदीप जैस्वाल आणि रमेश बोरनारे हे पाच जण एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. कन्नडचे उदयसिंह राजपूत उद्धव ठाकरे यांच्यासोबत राहिले. ४ जुलै २०२२ रोजी शिंदे सरकारने विश्वासमत १६४ विरुद्ध ९९ असे जिंकले. यावेळी शिरगणती झाली, त्यामुळे प्रत्येकाचे मत उघड झाले. पण पेच वेगळाच होता. सुनील प्रभू आणि भरत गोगावले अशा दोन प्रतोदांनी एकाच शिवसेनेच्या नावाने परस्परविरोधी पक्षादेश काढले होते. मग पक्षाविरोधात मत दिले कोणी?

निकाल काय लागला?

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. गोगावले यांना दिलेली मान्यता न्यायालयाने बेकायदा ठरवली. अपात्रतेचा निर्णय मात्र अध्यक्षांकडे सोपवला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असल्याचे सांगत गोगावले यांची प्रतोदपदी निवड वैध ठरवली आणि दोन्ही गटांतील कोणालाही अपात्र केले नाही. म्हणजे उलटसुलट मतदान करूनही सगळ्यांची आमदारकी शाबूत राहिली.

मतदाराच्या हाती काय?

पक्षांतरबंदी कायद्याने एकट्यादुकट्या आमदाराचा आवाज बंद केला, पण गठ्ठ्याने होणारे बंड थांबले नाही. पाणी, पीकविमा किंवा भूसंपादनावरच्या विधेयकात आमदाराने मतदारसंघाची बाजू घेतली की पक्षाची, हे मतदाराला कळतच नाही. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, अपात्रतेची तलवार सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मुख्य धोरणाशी निगडित मतदानापुरतीच असावी. ते आजही प्रत्यक्षात आलेले नाही.

पक्षादेशाला अशी मर्यादा घालायला कायदा बदलावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. पण महत्त्वाच्या विधेयकांवर मतविभागणी घेऊन आमदारनिहाय नोंद विधिमंडळाच्या संकेतस्थळावर टाकायला घटनादुरुस्ती लागत नाही. पाच वर्षांनी मत मागायला येणाऱ्याचा सभागृहातला हिशेब पाहणे हा मतदाराचा हक्कच आहे.