दिवा लागला म्हणजे टेस्टिंग झालं?

मंडळी, आपण दोन ओळींचा कोड बदलला तरी टेस्ट केल्याशिवाय रिलीज करत नाही. आणि ज्या फ्लॅटचे हप्ते वीस वर्षं भरायचे, त्याच्या वायरिंगचं काय? दिवा लागला, पंखा फिरला... झालं, घ्या चावी!

अहो, इन्सुलेशन गेलेल्या वायरवरही दिवा लागतोच. ते तपासायला मेगर लागतो. मेन बंद करायचा, उपकरणं काढायची, फेज-न्यूट्रल एकत्र जोडून त्यांच्यात आणि अर्थिंगमध्ये 500 व्होल्ट डीसी द्यायचं. रीडिंग निदान 1 मेगाओम हवं. 9 व्होल्टच्या बॅटरीवरचा मल्टिमीटर इथे कामाचा नाही.

"पण आरसीसीबी आहे ना?" आहे की. पण 230 व्होल्टवर 30 मिलिअँपिअर गळायचे, तर इन्सुलेशन 8 किलोओमच्या खाली यावं लागतं. म्हणजे त्या 1 मेगाओमच्या सव्वाशेव्या हिश्शाच्याही खाली! आरसीसीबी हवाच, पण तो एक्सेप्शन पकडतो. टेस्टिंग करत नाही.

तेव्हा चावी घेताना टाइल्स ठोकून बघा, पण प्रत्येक सर्किटचं मेगर रीडिंगही लेखी मागा. बिल्डर हसेल. हसू दे. पावसाळ्यात भिंत ओली झाली की शॉक त्याला नाही, आपल्याला बसणार आहे.