खर्डा वाचणारे कोणी हवे

आज गुरुपौर्णिमा. संगीत विद्यालयांत, नृत्यवर्गांत, कुस्तीच्या तालमींत आज गुरुपूजन होईल. लिहिणाऱ्या माणसाला मात्र हा दिवस थोडा परका वाटतो. गाणे शिकावे लागते हे आपल्याला मान्य आहे. चित्रकला शिकवण्यासाठी मुंबईत 1857 पासून सर जे. जे. कलाशाळा उभी आहे. लेखन तेवढे ‘मुळात अंगात असावे लागते’, अशी आपली समजूत. ती इतकी पक्की आहे, की कथालेखनाची कार्यशाळा म्हटले की भल्याभल्या जाणत्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यातून ती ऑनलाइन असेल तर बोलायलाच नको. पण का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तिच्यामुळे आषाढ-श्रावण हे कथाकाराच्या लगबगीचे दिवस झाले आहेत. आज गावोगावी कोणीतरी अंकासाठी कथा लिहीत असेल, आणि त्यातले अनेकजण ती सुधारावी म्हणून एखाद्या ऑनलाइन कार्यशाळेत नाव नोंदवत असतील. तेव्हा लिहायला शिकवता येते का, आणि पडद्यावरून शिकवता येते का, या प्रश्नांना आजच भिडलेले बरे.

दोन्हींचे आमचे उत्तर ‘होय’ असे आहे, पण एका अटीवर.

प्रतिभा जन्मजात असते हे खरेच. मात्र ज्या काव्यशास्त्राच्या आधारावर आपण तसे म्हणतो, ते तेवढ्यावर थांबत नाही. काव्य कशातून निर्माण होते हे सांगताना मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती आणि निपुणता यांच्या जोडीला, काव्य जाणणाऱ्यांकडून शिकून केलेला अभ्यास मोजला आहे. त्याच्या आधी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्याच आखून दिली. दिवसाचे प्रहर पाडले आणि चौथ्या प्रहराला काम दिले ते आधी रचलेल्या काव्याची परीक्षा करण्याचे. ती एकट्याने करावी किंवा मोजक्या माणसांच्या परिषदेत. त्याचे कारणही त्याने दिले आहे: रसाच्या भरात लिहिणाऱ्याची निवड करणारी नजर त्या वेळी जागी नसते, म्हणून मागाहून तपासावे. हजारेक वर्षांपूर्वी सांगून ठेवलेल्या या दोन गोष्टी, मोजकी माणसे आणि झालेल्या लेखनाची परीक्षा, हीच आमची अट. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने 1936 मध्ये लेखकांची कार्यशाळा सुरू केली, तिचा गाभाही हाच. सगळ्यांनी एकाचा मजकूर आधी वाचून यायचे, त्यावर बोलायचे, आणि ज्याने तो लिहिला आहे त्याने त्या वेळी गप्प बसून ऐकायचे.

मराठीत हे काम विद्यापीठांनी केले नाही, संपादकांनी केले. गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौज’च्या कचेरीत बसून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ‘सत्यकथे’कडे आलेली हस्तलिखिते वाचत. नुसते ‘साभार परत’ किंवा ‘स्वीकृत’ एवढ्यावर ते भागवत नसत. कथा कुठे सैल पडली, कोणते पात्र अजून उभे राहिले नाही, शेवट का पटत नाही, हे ते लेखकाला पत्राने कळवत. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. साठच्या दशकाच्या अखेरीपासून औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’मधून आणि त्याच्या मेळाव्यांतून हेच केले. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी लिहिले नव्हते, अशा तरुणांचे लेखन त्यांनी हाती घेतले, वाचले, छापले. मराठी दलित साहित्याच्या उभारणीत या वाचण्याचा वाटा फार मोठा आहे.

या परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादा झाकायचे कारण नाही. दारे थोडी होती आणि बाहेर ताटकळणारे पुष्कळ. लघुनियतकालिकांच्या बंडखोर तरुणांनी 1969 मध्ये ‘सत्यकथे’ची होळी केली, ती काही उगाच नव्हे. आपली भाषा, आपले जगणे या दारातून आत जाऊ शकत नाही, हा राग तिच्यामागे होता. 1982 मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाले. पुढे छापण्याच्या जागा वाढल्या, दिवाळी अंक वाढले, समाजमाध्यमांवर तर प्रत्येकाला स्वतःचे पान मिळाले. वाचून परत पाठवणारा माणूस मात्र दुर्मीळ होत गेला. आज अनेक नव्या कथासंग्रहांतून ही उणीव दिसते. त्यांत अनुभव दणकट असतो, भाषाही जिवंत असते, पण दुसरा खर्डा झालेलाच नसतो.

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि एक अनपेक्षित वाट उघडली. पुण्या-मुंबईत, फार तर नागपूर-औरंगाबादेत सभागृह घेऊन होणाऱ्या कार्यशाळा झूमवर आणि गुगल मीटवर गेल्या, आणि टाळेबंदी उठल्यावरही त्यातल्या अनेक तिथेच राहिल्या. आम्हाला हे फार मोलाचे वाटते. दोन दिवस घर सोडून पुण्याला मुक्काम करणे ज्या बाईला कधीच शक्य नव्हते, ती आता रात्री नऊला स्वयंपाकघर आवरून फोन भिंतीला टेकवून बसते. गडचिरोलीचा शिक्षक, इंदूर-बडोद्याकडची मराठी माणसे, अमेरिकेत सकाळचा चहा घेत सामील झालेली कोणी, असे सगळे एका खिडकीत येतात. कथेतल्या बोलीबद्दल शंका निघाली, तर ती बोली घरात बोलणारे कोणी ना कोणी तिथेच हजर असते. आणि सूचना तोंडी हवेत विरत नाहीत. मजकुराच्या कडेला लिहिलेल्या राहतात. महिन्याने पुन्हा लिहायला बसले तरी त्या समोर असतात.

हे काम चालते कसे, ते जवळून पाहू. समजा, भंडारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने कथा पाठवली. विषय रोवणीचा. भाताची रोपे लावणाऱ्या बायकांचा गट, ठरलेली मजुरी, आणि संध्याकाळी मालकाने कापलेले पैसे. पहिल्या दोन पानांत पाऊस, काळे ढग आणि बालपणीच्या आठवणी. मालक येतो तिसऱ्या पानावर. शेवटचे वाक्य असे: ‘सुमनला फार अपमानास्पद वाटले.’ गटातले सात-आठजण वाचतात. एकजण कडेला लिहितो, कथा तिसऱ्या पानावर सुरू होते, आधीची दोन पाने तुमच्यासाठी होती. दुसरी विचारते, पैसे हातात पडल्यावर सुमन नेमके काय करते? शिक्षिका आठवडाभर विचार करते आणि पुन्हा लिहिते. आता सुमन चिखलाच्या बोटांनी नोटा मोजते, पदराच्या गाठीत बांधते, चार पावले जाऊन थांबते, गाठ सोडते आणि मालकासमोर उभी राहून त्या पुन्हा मोजू लागते. बाकीच्या बायकाही थांबतात. ‘अपमान’ हा शब्द कथेत उरलेला नाही, आणि कोणाला त्याची उणीवही भासत नाही.

कार्यशाळेने त्या शिक्षिकेला प्रतिभा दिली नाही. नोटा पुन्हा मोजणारी सुमन तिच्याच पाहण्यातली होती. ती तिला आठवायला लावली एका प्रश्नाने. हा प्रश्न विचारणारा माणूस मिळणे, हेच लेखकाचे शिक्षण.

म्हणूनच ज्या कार्यशाळांत हा प्रश्न विचारलाच जात नाही, त्यांच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. तीनशेजणांना एकत्र बसवून नामवंताचे भाषण ऐकवायचे, कथेचे घटक सरकत्या चित्रांवर दाखवायचे आणि शेवटी प्रमाणपत्र ई-मेलने धाडायचे, ही व्याख्यानमाला झाली. व्याख्यानमाला चांगली असू शकते, तिला कार्यशाळा म्हणू नये. सात दिवसांत कथाकार करून सोडण्याचे आश्वासन तर सरळ फसवणुकीचे आहे. दुसरा धोका गोडव्याचा. कार्यशाळा संपल्यावर तिचा व्हॉट्सॲप गट उरतो आणि तिथे प्रत्येक कवितेखाली ‘अप्रतिम, ताई’ आणि फुलांच्या ओळी उमटतात. परस्परांना दुखवायचे नाही ही भावना चांगली आहे. लेखकाच्या वाढीला मात्र ती पुरत नाही. वाक्य कच्चे असेल तर ते कच्चे का, हे प्रेमाने सांगणारा एकजण त्या गटात तरी असावा.

असे वाचणे हे कष्टाचे काम आहे. पंधरा पानांची एक कथा नीट वाचून तिच्यावर टिपणे करायला दोन-तीन तास सहज जातात. ते फुकट व्हावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देते, हे स्तुत्यच. पुस्तकाच्या छपाईला पैसा मिळू शकतो, तर ते पुस्तक घडत असताना वाचणाऱ्याच्या मानधनालाही मिळावा. 1906 पासूनची महाराष्ट्र साहित्य परिषद, 1923 पासूनचा विदर्भ साहित्य संघ, मराठवाड्यातली आणि मुंबईतली त्यांची भावंडे, यांच्याकडे नाव आहे, ग्रंथालये आहेत, जाणकार सभासद आहेत. प्रत्येकाने वर्षाकाठी दहाजणांचा एक ऑनलाइन गट चालवावा. तो चार महिने चालावा, प्रत्येकाचा मजकूर दोनदा वाचला जावा, आणि निम्म्या जागा मोठ्या शहरांबाहेरच्यांसाठी राखाव्यात. एका संमेलनाच्या मांडवाला जेवढे लागते, त्याच्या अगदी लहान हिश्श्यात हे भागेल.

नव्या लेखकांना एवढेच सांगणे आहे: दिवाळी अंकाकडे कथा पाठवण्याआधी ती एका परक्या, जाणत्या माणसाला वाचायला द्या आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका. आणि ज्यांनी वर्षानुवर्षे लिहिले, संपादले, शिकवले, त्यांना विनंती अशी, की आज नमस्कार करायला कोणी आले तर त्याने काय लिहिले आहे ते विचारा, आणि ते वाचायला मागून घ्या.